पुढच्या बंदरापर्यंत

ऑगस्ट लागला की शारजातल्या आमच्या अल नहदाच्या फ्लॅटच्या काचांना बाहेरून घाम फुटतो. आत एसीचा गारठा, बाहेर समुद्रावरून आलेली जड, ओली हवा. सकाळी पडदा सारला तर समोरचा टॉवर गायब असतो. काचेवरून थेंब ओघळतात आणि धुळीत वाकड्यातिकड्या वाटा पाडतात. या दिवसांत घरातलं पाणीही उलटं वागतं. गच्चीवरच्या टाक्या इतक्या तापतात की थंड नळाला चटका देणारं पाणी येतं. म्हणून आम्ही गीझर बंद ठेवतो आणि गरम पाण्याचा नळ सोडतो. गीझरमध्ये साठून राहिलेलं पाणी त्यातल्या त्यात कोमट असतं. नवीन आलेला माणूस हमखास पोळतो. सून रोज आठवण करते, "बाबा, गरमचा नळ सोडा हं, थंडच्याला हात लावू नका." अख्खी नोकरी या देशात काढून मला हे माहीत नसेल का? पण मी "हो" म्हणतो. या महिन्यात मला कोणी काहीही सांगितलं तरी मी हो म्हणतो.

फ्रान्सिस काही वर्षांपूर्वी याच महिन्यात गेला. वसईचा फ्रान्सिस, फुजैरातल्या फ्लॅटमधला माझा सोबती. तो स्वतःच्या हट्टापायी गेला, असं त्याची मुलगी ग्लेंडा म्हणते. वसईला त्याची बायको, टेरेझा वहिनी, तेच म्हणतात, आणि त्यांनी त्याला अजून माफ केलेलं नाही. असं त्या दोघींना सांगणारा मी होतो. ते खरं नव्हतं.

फुजैरातला ऑगस्ट शारजाहून वेगळा. तिथे मागे काळे, बोडके डोंगर आणि पुढे समुद्र, आणि समुद्रात नांगर टाकून उभी असलेली जहाजं. तेल भरायला, पाणी भरायला, पुढचा हुकूम येईपर्यंत नुसतंच थांबायला. संध्याकाळी त्यांचे दिवे लागले की एखादं गाव पाण्यावर वसलंय असं वाटायचं. वाऱ्याला तेलाचा वास. कपडे वाळत घातले तर त्यांनाही तो वास. शाळांना सुट्ट्या लागल्या की ज्यांची बायकामुलं इथे असायची तीही गावाला जायची, आणि सगळं शहर नवऱ्यांचं होऊन जायचं. हॉटेलांत एकेकटे पुरुष जेवताना दिसायचे, मोबाइल ग्लासाला टेकवून, घरच्यांशी बोलत. माझी बायको गुहागरला, फ्रान्सिसची वसईला. आम्ही मात्र बाराही महिने तसेच होतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये आम्हाला उगाचच अनुभवी असल्यासारखं वाटायचं.

माझं काम जहाजांवरच्या इलेक्ट्रॉनिक्सचं. रडार, होकायंत्र, आगीचे अलार्म. लाँचमधून जायचं, जहाजाच्या अंगावर सोडलेली दोराची शिडी चढायची, हातमोजे घातले नाहीत तर वरच्या लोखंडी कठड्याला हात चिकटतो की काय असं वाटायचं. वर गेलं की कॅप्टनचं ठरलेलं वाक्य: पुढच्या बंदरापर्यंत चालव. त्याला नवा भाग नको असायचा, तो यायला दिवस लागतात आणि जहाज थांबून राहू शकत नाही. मग आम्ही जुगाड करायचो. एखादा फ्यूज सारखा उडतोय, एखादा सेन्सर उगाच बोंबलतोय, तर त्याला तारेने बगल द्यायची आणि यंत्र चालू करून द्यायचं. त्यात लाज नव्हती, कारण त्याला एक रीत होती. जिथे बगल दिली तिथे लाल टॅग बांधायचा. टॅगवर लिहायचं, इथे तार टाकली आहे, हे तात्पुरतं आहे, पुढच्या बंदरात नवा भाग बसवा. पुढचा माणूस टॅग बघतो आणि काम पूर्ण करतो. मी उमेदवार असताना माझ्या वरिष्ठाने सांगितलं होतं, बगल दिली म्हणून कोणी मरत नाही, टॅग विसरला की मरतात. ते मी पुढे कितीतरी पोरांना सांगितलं.

फ्रान्सिस जहाजांना माल पुरवणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर होता. अंडी, बटाटे, कांदे, साबण. त्याची माझी ओळख लाँचमध्येच झाली. अंड्यांच्या ट्रेवर हात ठेवून बसलेला, लाट आली की ट्रेला सांभाळणारा आणि स्वतः कलंडणारा. मराठी ऐकल्यावर त्याने पहिला प्रश्न केला होता, "जेवण करता येतं का तुला? माझ्या रूममधला माणूस गेलाय आणि मला नुसती मच्छी येते." असे आम्ही एकत्र आलो. तो मला खोतसाहेब म्हणायचा, आणि खूश नसला की नुसतं खोत.

तो सिगारेटी फार ओढायचा. डॉक्टरने छातीचा फोटो दाखवून दम दिला तेव्हा ग्लेंडाने त्याच्याकडून वचन घेतलं. ती तेव्हा लग्न होऊन शारजात आली होती, एका ऑफिसात अकाउंट्स बघायची. फ्रान्सिसने सिगारेट सोडली आणि व्हेपिंग धरलं, म्हणजे बॅटरीवर वासाचा रस तापवून त्याची वाफ ओढायची. दुकानातली यंत्रं त्याला पसंत पडेनात. म्हणे ओढल्यासारखंच वाटत नाही, बायकोच्या हातचा बिनमिठाचा रस्सा. मग त्याने व्हिडिओ बघून स्वतःच एक यंत्र बनवलं. पिवळ्या साबणदाणीत बसवलेलं. दोन जाड बॅटऱ्या, एक तयार मिळणारा छोटा बोर्ड, एक बटण आणि वर काढलेली नळी. आम्ही त्याला पुंगी म्हणायचो. पुंगी वाजली की खोलीत व्हॅनिलाचा गोड, चिकट वास पसरायचा, बेकरीसमोरून गेल्यासारखा. मला तो वास आवडायचा. आता सहन होत नाही. आमच्या लिफ्टमध्ये कोणी तरुण मुलगा तो वास घेऊन शिरला की मी पुढच्या मजल्यावर उतरतो आणि दुसऱ्या लिफ्टची वाट बघतो.

त्या ऑगस्टमध्ये पुंगी बंद पडली. सुट्टीची दुपार होती, बाहेर पांढरा उजेड, रस्त्यावर मांजरही नाही. फ्रान्सिसने साबणदाणी माझ्यापुढे ठेवली. "खोतसाहेब, एवढाली जहाजं चालू करता. आता ह्या गरिबाची पुंगी वाजवून दाखवा."

माणूस मेला की गार पडतो. बोर्ड मेला की कधी कधी तापतो. हा तसाच होता. बटण दाबलं तर काही नाही, आणि बॅटऱ्या नुसत्या जोडल्या तरी बोट ठेववेना. कुठला भाग तापतोय ते शोधायची आमची एक सोपी पद्धत आहे. बोर्डावर स्पिरिटचा पातळ थर पसरायचा आणि बघत बसायचं. जो भाग आधी कोरडा होतो तो गुन्हेगार. फ्रान्सिस माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता, त्याचा श्वास घरघरत होता. एका काळ्या चौकोनी भागाभोवतीचं स्पिरिट बघता बघता उडालं. मॉसफेट. बटण दाबल्यावर करंट सोडायचा आणि सोडल्यावर अडवायचा, एवढंच त्याचं काम. मीटर लावला तर सलग किर्र वाजला, म्हणजे तो आतून जळून कायमचा उघडा राहिला होता. काढून बघितलं तर खाली तपकिरी चिकट डाग. नळीतला रस झिरपून बोर्डावर आला होता आणि त्यातून करंट नको तिथे वाट काढत होता.

मी तो डाग टूथब्रशने घासून काढला. जुन्या रेडिओच्या बोर्डावरून तसाच भाग काढून इथे बसवला. पुंगी वाजली. फ्रान्सिसने मला मिठी मारली आणि संध्याकाळी इमारतीखालच्या मेसमध्ये सगळ्यांना सांगत सुटला, "खोताचा हात लागला की मुडदा उठून बसतो." लोक हसले. एकाने त्याचा बंद पडलेला घड्याळवाला रेडिओ आणून दिला. मला ते आवडलं. माणसाला म्हातारपणी कोणी हात चांगला आहे म्हटलेलं फार आवडतं.

काही दिवसांनी पुंगी परत माझ्यापुढे आली. थोडी ओढली की बंद पडायची, जरा थांबलं की पुन्हा चालू. मेसमध्ये आता फ्रान्सिसची थट्टा होऊ लागली, आणि थट्टा माझ्यापर्यंत येत होती. मी उघडून बघितलं. बोर्डावर एक फ्यूज होता, तापला की करंट तोडणारा आणि गार झाला की आपोआप जोडणारा. मी मनाशी म्हटलं, हा ऑगस्ट आहे, खोलीबाहेर सगळंच तापलंय, हा फ्यूज हवेनेच उडतोय. जहाजांवर या दिवसांत असे अलार्म रोज बोंबलायचे. माझं म्हणणं अर्धं बरोबर होतं. अर्धं असं होतं की रस अजून झिरपत होता. झिरपणारी फट मी बुजवली नव्हती, आणि फ्यूज ते सांगत होता.

नवा बोर्ड दुबईहून मागवायला हवा होता. पण मग मेसमध्ये सांगावं लागलं असतं की अजून झालेलं नाही. मी केसासारखी एक तार कापली, फ्यूजच्या दोन्ही टोकांना सोल्डरचा डाग दिला. राळेचा धूर नाकात गेला. मी स्वतःशी म्हटलं, पुढच्या बंदरापर्यंत. झाकण लावलं आणि हाक मारली, "ये रे, खलास, झालं काम. आता नाही मरायची."

टॅग बांधला नाही. सांगितलंही नाही. साबणदाणीला कसला टॅग?

मुलीला भेटायला तो दर सुट्टीला गाडीने शारजाला जायचा. डोंगरातला तो रस्ता छान आहे, पण ऑगस्टमध्ये डोंगर भट्टीच्या भिंतीसारखे दोन्ही बाजूंनी धग फेकतात. पुंगी त्याच्या पँटच्या खिशात होती. बटणाला हात न लावता ती पेटली. अंगावरची आग झटकताना गाडी कठड्यावर गेली. मागून येणाऱ्या ट्रकवाल्या पठाणाने त्याला बाहेर ओढलं.

मी इस्पितळात पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. मांडीपासून पोटापर्यंत पट्ट्या. साखरेचा आजार होता, त्यामुळे डॉक्टर चेहऱ्यावरूनच काय ते सांगत होते. मला बघून तो कण्हत हसला.

"खोतसाहेब, तुमच्या मेहनतीवर पाणी."

मी खुर्ची ओढून खाटेशी बसलो.

"मीच येडा. काहीतरी उलटं जोडलं असणार मी. तू केलंस ते बरोबरच असणार. मुळातच माझं चुकलेलं असणार. काय?"

तो माझ्याकडे बघत होता. वेदनेत माणसाला कारण हवं असतं, आणि त्याने ते स्वतःच शोधलं होतं, माझ्यापासून लांब. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "असेल."

पुढे ताप चढला, उतरलाच नाही. तो तेच कारण घेऊन गेला.

पोलिसांनी सामान परत दिलं त्यात साबणदाणीही होती, वितळून मुरगळलेली. ग्लेंडाने ती प्लास्टिकच्या पिशवीतून माझ्यापुढे धरली. "अंकल, यू आर द एक्स्पर्ट. बघा ना. काय झालं होतं?" मी खिडकीशी नेऊन बघितलं. बोर्ड कोळसा झाला होता. बॅटऱ्या फाटल्या होत्या. माझी तार मात्र तशीच होती, दोन्ही टोकांचे सोल्डरचे डाग गोल, चकचकीत, शाबूत. त्या सगळ्यात माझं काम तेवढं टिकलं होतं.

मी पिशवी परत दिली आणि म्हणालो, "घरी बनवलेल्या वस्तूंचं असंच असतं गं. त्याला किती सांगितलं होतं."

सांगितलं काहीच नव्हतं. हे दुसरं वाक्य कुठून आलं ते मला अजून कळत नाही. पोलिसांची भीती होती असं म्हणायला सोपं आहे, पण पोलीस माझ्याकडे आलेच नव्हते. मला वाटतं मी माझ्या हाताची अब्रू वाचवत होतो. फ्रान्सिसने मेसमध्ये वाढवलेली अब्रू.

नंतर मी निवृत्त झालो आणि मुलाकडे शारजात आलो. ग्लेंडा दोन इमारती पलीकडे राहते. ती मला बापासारखं मानते. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मुलाला रजा मिळाली नाही तर ती आली होती. दर ऑगस्टला ती वडिलांसाठी चर्चमध्ये मिस्सा ठेवते, मग घरी जेवायला बोलावते, आणि मी जातो. न जाण्याचं कारण काय सांगणार? तिच्या दिवाणखान्यात फ्रान्सिसचा फोटो आहे, अंड्यांच्या ट्रेशेजारचा, मीच काढलेला. वसईच्या घरात नाही. तिथे वहिनींनी लावू दिलेला नाही.

यंदाही चर्चमधून निघालो तेव्हा दारातच चष्म्यावर वाफ धरली. काही दिसेना. ग्लेंडाने हात धरून गाडीपर्यंत नेलं. स्टिअरिंगवर टॉवेल टाकून ती म्हणाली, "मम्मी यंदा पण कबरीवर गेली नाही, अंकल. मी म्हटलं फक्त मेणबत्ती लावून ये. म्हणते, ज्याला माझ्यापेक्षा ती पुंगी प्यारी होती त्याला मेणबत्ती कशाला. आता ती चालू पण शकत नाही नीट. नेक्स्ट इयरला असेल की नाही." एसीचा पंखा घोंघावत होता. मी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

जेवायला वसईकडचे तळलेले, गोल पावासारखे फुगे होते, चिकन होतं, माझ्यासाठी वेगळी डाळ. ग्लेंडाची मुलगी पाचवीत आहे. ती एक यादीचा कागद नाचवत आली. शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, तिला बॅटरीवरचा दिवा बनवायचाय.

"नाही," ग्लेंडा म्हणाली. "चार्ट बनव."

"बट ममा, एव्हरीवन इज मेकिंग समथिंग."

"आपल्या घरात घरी बनवलेलं काही नको. सांगितलंय ना? घरी बनवलेल्या वस्तूंचं असंच असतं. विचार खोत आजोबांना."

माझंच वाक्य होतं. तिने ते जपून ठेवलं होतं, शब्द न बदलता.

मुलगी माझ्याकडे वळली, वैतागून. "ग्रँडपा वॉज केअरलेस. आय ॲम नॉट केअरलेस!"

हातातला फुग्याचा तुकडा मी ताटात ठेवला. पाणी प्यायलो. मग म्हणालो, "बाळा, तू जरा आत जा." ती पाय आपटत गेली.

"ग्लेंडा, तुझे पप्पा केअरलेस नव्हते."

"जाऊ द्या अंकल. तुम्ही नेहमी त्यांची बाजू घेता."

"मी कधीच घेतली नाही. ऐक." आणि मी सांगितलं. रस, फ्यूज, तार. तिला समजावं म्हणून सोपं करून सांगितलं. "तो फ्यूज असता तर पुंगी नुसती बंद पडली असती. मी तो निकामी केला. आणि त्याला बोललो नाही."

तिने हातातला डाव भांड्यात ठेवला. मग ती बोलली ती अकाउंट्सवाल्या बाईसारखी, एकेक गोष्ट तपासून घेत.

"पप्पांना माहीत होतं?"

"नाही."

"हॉस्पिटलमध्ये पण नाही?"

"ते म्हणाले, माझंच चुकलं असेल. मी म्हटलं, असेल."

"असेल म्हणालात?"

"हो."

"आणि मला विंडोजवळ उभं राहून सांगितलंत, त्यांना किती सांगितलं होतं म्हणून."

"हो."

"मी त्यांना हॉस्पिटलमध्ये ओरडले होते, अंकल. पट्ट्या बांधलेल्या माणसाला ओरडले. प्रॉमिस करून असलं खेळणं बनवलंत म्हणून. ते सॉरी बेटा, सॉरी बेटा करत होते." तिचा आवाज तिथे मोडला, आणि तिने तो लगेच सरळ केला. "तुम्ही आता जा."

मी उठलो. माफ कर म्हणायला तोंड उघडलं, पण ते मागायचं म्हणजे तिच्याकडून आणखी काहीतरी घ्यायचं. दारात बसून बूट घातले. वाकता येत नाही, वेळ लागतो. एरवी ती मदत करते. ती आतल्या खोलीत गेली होती आणि फोनची रिंग वाजताना ऐकू येत होती. वहिनींना कमी ऐकू येतं, म्हणून ती नेहमी स्पीकर लावते आणि ओरडून बोलते.

मी कॉरिडॉरमध्ये येऊन लिफ्टचं बटण दाबलं. दार तिने लावलं नव्हतं.

"मम्मी, पप्पांची चूक नव्हती!"

पलीकडून वहिनींचा थकलेला, चिडका आवाज. "काय म्हणतेस गं?"

"पप्पांची चूक नव्हती! त्यांनी बरोबर बनवलं होतं. दुसऱ्याने बिघडवलं!"

"कोणी?"

लिफ्ट आली. दार उघडलं. आतला एक मलबारी माणूस माझ्यासाठी दार धरून उभा राहिला. मी त्याला हातानेच जायला सांगितलं.

"खोत अंकलनी!"

"कोण?"

"खोत अंकल, मम्मी! खोत!"

मग वहिनी म्हणाल्या, "नाही गं. तो कशाला असं करेल? तो तर त्याचा माणूस होता." आणि ग्लेंडा पुन्हा सुरुवातीपासून सांगू लागली, मोठ्याने, माझं नाव घेत. मी भिंतीला धरून उभा राहिलो. वहिनींना नीट ऐकू जाईपर्यंत तिथून हलायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.